पुरवणीतला गरुड अमेरिकेचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला विष्णूच्या गरुडावरचा लेख आवडला. सोबतचं चित्र पाहून मात्र चहाचा कप खाली ठेवला. गडद तपकिरी अंग, पांढरंशुभ्र डोकं, जाडजूड पिवळी चोच. हा तर १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर बसलेला गरुड! उत्तर अमेरिकेबाहेर तो राहत नाही. वैकुंठात कसा पोचला, चित्रकारालाच ठाऊक.

पांढरं डोकंच हवं होतं, तर आपली ब्राह्मणी घार होती की. पुष्कळ ठिकाणी लोक तिलाच गरुड समजून हात जोडतात. अंग विटकरी; पांढरा रंग मानेशी न थांबता छातीवर उतरतो आणि त्यावर अणकुचीदार पेन्सिलीने ओढाव्यात तशा बारीक काळसर रेघा.

एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे तक्ते रंगवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पहिली साधी घार काढली ती कपाटातली, पेंढा भरलेली. तिला काचेचे पिवळे डोळे बसवलेले, मीही इमानेइतबारे पिवळे रंगवले. पुढे एका उत्तरायणाला मांज्याने पंख कापलेली घार दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर पडली. पक्षी सोडवणारी माणसं येईपर्यंत टोपलीखाली झाकली. फटीतून पाहतो तर डोळे गडद तपकिरी, आमच्या आजीचे असावेत तसे! भुवई तेवढी आवळलेली. तीही भुवई नव्हेच. डोळ्यावर वळचणीसारखं पुढे आलेलं हाड. त्या हाडाला आपण करारी नजर म्हणतो आणि झेंड्यांवर, मुद्रांवर चढवतो. टोपलीतली बिचारी थरथरत होती. दुसऱ्याच दिवशी तक्त्यावरचे डोळे खरवडून तपकिरी केले.

जाता जाता व्यंगचित्रांबद्दल. लाचखाऊ दाखवायचा की काढलं गिधाड. अहो, गिधाड मेलेलं खातं, हे लोक जिवंताला सोडत नाहीत. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. शिवी तेवढी शाबूत आहे.

आपल्या चित्रकाराला एकदा दुपारी वही घेऊन आमच्या सूरसागर तलावावर पाठवा. शेपटीला खाच दिसली तर ती साधी घार. ब्राह्मणीची गोल असते.

आपला,
एक निवृत्त तक्ते-चित्रकार, बडोदे