लॅपटॉप मागवू नकोस

गुहागर, खालचा पाट
चैत्र

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

शिमग्याला आलास तेव्हा फोनवर दाखवलेला तो 68 हजारांचा लॅपटॉप मागवू नकोस. कॉम्प्युटर घरी आलाय. रागावण्याआधी पुरतं वाच.

तुझा कॉलेजातला कॉम्प्युटरचा डबा का बंद पडला म्हणून बाबांनी पत्रा उघडला. मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, तळाशी पालीची दोन अंडी, आणि स्क्रू इतके गंजलेले की पिळला की डोकंच हातात. रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, पट्टीवरही हिरवट थर चढलेला. खाऱ्या वाऱ्यात आपले खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे त्या बिचाऱ्याचं काय! तेव्हाच मनाशी ठरवलं की इथे उघडता येईल, पुसता येईल आणि एक भाग गेला तर तेवढाच बदलता येईल असंच यंत्र हवं. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला तर इथे कोण बसवून देणार?

आणि आपलं काम ते काय? माझा आमसुलं-आगळाचा हिशेब, बाटल्यांची लेबलं, बाबांचे सातबारे आणि कीर्तनं.

चिपळूणला दोन खेपा झाल्या. ऑफिसांनी काढून टाकलेले डेस्कटॉप तिथे साफसूफ करून विकतात. पहिला दुकानदार म्हणाला, "काकू, हा आयसेव्हन आहे, आयफाइव्हच्या वरचा. स्वस्तात देतो." पण शेजारच्या सरांनी मला बजावून ठेवलं होतं, नाव बघू नका, पुढचा आकडा बघा. त्याच्यावर 4770 होतं, पहिला आकडा 4, म्हणजे आतली इंटेलची चिप चौथ्या पिढीची. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. नाव मोठं, लक्षण खोटं. दुसऱ्या दुकानात आयफाइव्ह 8500 मिळाला, आठव्या पिढीचा. त्या दुकानाच्या भिंतीवर 22 जुलै 2021 च्या पुराची रेघ अजून दिसते, म्हणून मी सरळ विचारलं, "हा त्यात भिजलेला नाही ना?" तो हसला आणि डबा उघडूनच दाखवला. आतला एकही स्क्रू गंजलेला नव्हता.

रॅम 8 जीबी घेतली, पण एकाच पट्टीत, म्हणजे दुसरी खाच पुढेमागे उपयोगी पडेल. जुनी फिरती हार्ड डिस्क तो आणखी स्वस्तात देत होता, ती नको म्हटलं. तिच्या जागी 256 जीबीची एसएसडी घेतली, तिच्यात फिरतं काही नसतं. बटण दाबून चहा ठेवायला गेले तर परत येईपर्यंत हा तयार. पूर्वी चहा पिऊन कपबशी धुऊन व्हायची.

डबा 15,500, नवा 22 इंची मॉनिटर 6,800, यूपीएस 2,900, कीबोर्ड-माऊस 700. मॉनिटर नवा घेण्यात हात आखडला नाही, डोळे आमचे आहेत. घरी आल्यावर मात्र कळलं की याला वाय-फायच नाही. ऑफिसात तार लावतात, त्यांना कशाला लागतंय! मग शृंगारतळीहून 400 रुपयांचं बोटभर वाय-फाय आणलं. कॅमेराही नाही. तुझ्या कपाटात एक पडलाय ना, तो आण. तोवर रविवारी फोनवरच बोलू.

तुझं एक म्हणणं खरं आहे. लाईट गेली तरी लॅपटॉप चालत राहतो. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं धरतं, तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचं. वळवाच्या पावसात नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनाच उपटायच्या, राऊटरचीसुद्धा. मागे एकदा मोडेम टेलिफोनच्या तारेतून आलेल्या विजेने गेलं होतं, आठवतंय? वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. झाकायला प्लास्टिक नाही, जुनं सुती लुगडं वापरते, प्लास्टिकखाली दमट धरतं. पावसाळ्यात काम असो-नसो, रोज तासभर चालू ठेवणार. उबेने आतली ओल उडते.

हे पत्र त्यावरच टाइप केलंय. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, वेगळे पैसे नाहीत. शिफ्ट धरून ल दाबला की ळ येतो, हे पटकन सापडलं. पण 'वाऱ्यात' मधला ऱ्या! अर्धा तास गेला. तसाच शिफ्ट धरून र दाबायचा, मग पाय मोडायचा, मग य. बाबा म्हणाले, हाताने लिहिलं असतंस तर एव्हाना पोस्टात पडलं असतं.

लॅपटॉपसाठी काढून ठेवलेले पैसे पाठवणारच असशील तर पाठव. मिरगाआधी मधली खोली शाकारून घ्यायची आहे. गळका कोपरा नेमका कॉम्प्युटरच्या वरच आहे.

तुझी,
आई