शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले का?

प्रति,
मा. संपादक,

स. न.

मेटल संगीताच्या मैफलीविषयी मराठी वृत्तपत्रांत क्वचितच लिहून येते, आणि येते तेव्हा कानठळ्या बसवणारा आवाज, काळे टी-शर्ट आणि बेभान तरुणाई यांपलीकडे मजकूर सहसा जात नाही. गाणी कोणती झाली, गायक कसा गायला, वाद्ये एकमेकांत मिसळली की एकमेकांवर चढली, यातले वाचकाला काही कळत नाही. गेल्या महिन्यात मी माझ्या १६ वर्षांच्या मुलीला घेऊन एका पॉवर मेटल बँडच्या मैफलीला गेले होते. हा संगीतप्रकार मी पंचवीसहून अधिक वर्षे ऐकत आले आहे; प्रत्यक्ष ऐकण्याचा योग मात्र पहिल्यांदाच आला. त्या संध्याकाळी जे पदरात पडले आणि जे हातचे निसटले, ते दोन्ही सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र. बँड, सभागृह आणि आयोजक यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा मुद्दा त्या एका संध्याकाळपुरता नाही.

पॉवर मेटल हा हेवी मेटलचा सर्वांत गेय प्रकार आहे, असे मी ठामपणे म्हणेन. त्याची मुळे सत्तरच्या दशकातील ब्रिटिश हार्ड रॉकमध्ये, विशेषतः रेनबो या बँडच्या १९७६ मधील ‘रायझिंग’ या अल्बममध्ये सापडतात. रेनबोचा गायक रॉनी जेम्स डिओ याने त्यात जादूगाराची आणि दगडी मनोऱ्याची गोष्ट ज्या भारदस्त आवाजात सांगितली, तो आवाज पुढच्या अनेकांच्या कानांत राहिला. आजचे रूप मात्र या संगीताला जर्मनीत मिळाले. हॅम्बुर्गच्या हॅलोवीन या बँडने १९८७ आणि १९८८ साली ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या अल्बमचे दोन भाग काढले. पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा गायक मायकेल किस्के अवघा १९ वर्षांचा होता, आणि तारसप्तकात तो ज्या सहजतेने वावरतो ते आजही ऐकताना नवल वाटते. वेगवान ठेका, त्यावर दोन गिटारांनी जोडीने वाजवलेली सुरावट, आणि या सर्वांच्या वर लांब, उंच, स्वच्छ सुरांत गायलेले ध्रुवपद, अशी ही घडण आहे. पुढे क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनने तिला वृंदगानाची जोड दिली, हेलसिंकीच्या स्ट्रॅटोव्हेरियसने की-बोर्डला गिटारच्या बरोबरीने बसवले, इटलीतील त्रिएस्तेच्या रॅप्सडीने १९९७ पासून चित्रपटसंगीताला शोभावा असा वाद्यवृंद तिच्यात आणला, आणि ब्राझीलच्या आंग्राने १९९६ च्या ‘होली लँड’मध्ये आपल्या मातीतले ताल तिच्यात मिसळले. वेग, भव्यता, वाद्यांवरची हुकमत हे सारे खरेच. पण हे सारे ज्या एका गोष्टीसाठी उभे केलेले असते ती म्हणजे ध्रुवपद. एकदा ऐकले की दुसऱ्या वेळी आपण ते बरोबर म्हणू लागतो. ते म्हणता यावे अशाच बेताने ते बांधलेले असते.

ही घडण लक्षात घेतली की त्या संध्याकाळची आमची निराशा समजू शकेल. आम्ही दोन तास आधी पोहोचलो आणि रंगमंचासमोरच्या कठड्याजवळ, अगदी मध्यभागी जागा मिळवली. इतक्या वर्षांनी ज्यांना ऐकायचे ते वादक हाताच्या अंतरावर हवेत, एवढीच माझी इच्छा होती. दिवे मालवले, ध्वनिमुद्रित वाद्यवृंदाची प्रस्तावना झाली, पहिल्या गाण्याचा ठेका सुरू झाला आणि पोटात एकसलग गडगडाट भरला. गिटारवादकाची बोटे दिसत होती, पण त्या बोटांतून निघणारी सुरावट ऐकू येत नव्हती. गायकाचे ओठ हलत होते. शब्द ओळखू येत होते ते केवळ मला आधीपासून पाठ होते म्हणून. तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस मुलगी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “आई, शब्द ऐकूच येत नाहीत. गाणं कुठलं चाललंय ते तरी सांग.” तिने ही गाणी घरात माझ्याबरोबर ऐकलेली होती, त्यामुळे तिची तक्रार अजाणतेपणाची म्हणून बाजूला सारण्यासारखी नव्हती.

आम्ही जागा सोडली. गर्दीतून वाट काढत सभागृहाच्या मागच्या अर्ध्यात, साउंड इंजिनिअर ज्या मिक्सरवर बसलेले असतात त्या चौकटीजवळ येऊन उभ्या राहिलो, आणि तेच संगीत वेगळेच ऐकू येऊ लागले. अडचण संपूर्ण गेली असे म्हणणार नाही. पण दोन गिटारांची जोडसुरावट उलगडली, की-बोर्ड कानावर आला, आणि गायकाचा आवाज सर्वांच्या वर, आपल्या जागी जाऊन बसला. मुलीच्या चेहऱ्यावर तो फरक मला दिसला. साधारण ३० पावलांच्या अंतराने आमची मैफल वाचली.

असे का व्हावे, याचा मी परतल्यावर शोध घेतला, आणि जे समजले ते इतर रसिकांनाही उपयोगी पडेल. पॉवर मेटलमध्ये ड्रमवादक दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो. यालाच आम्ही रसिक डबल बेस म्हणतो. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग पायांनी भरले जात असतील, तर सेकंदाला १२ आघात होतात. हे आघात खर्जातले असतात आणि खर्जातला ध्वनी बंदिस्त जागेत लवकर विरत नाही. सिंफनीसाठी बांधलेल्या सभागृहात ध्वनी विरायला साधारण दोन सेकंद लागावेत अशी योजना असते, कारण व्हायोलिनच्या सुरांना ते रेंगाळणे खुलवते. अशा जागेत डबल बेसचा एक आघात विरेपर्यंत त्याच्यावर आणखी २४ आघात येऊन पडतात, आणि ठेक्याचा गडगडाट होतो. भरलेल्या सभागृहातील माणसे मधल्या आणि वरच्या पट्टीतला ध्वनी बऱ्यापैकी शोषून घेतात, खर्जातला फारच थोडा. म्हणजे गर्दीनेही हा प्रश्न सुटत नाही. संथ लयीच्या रॉक बँडला अशी जागा एखाद्या वेळी चालून जाईल, पॉवर मेटलला ती मारक ठरते. त्यात कठड्याजवळच्या मधल्या रांगांची गोष्ट आणखी वेगळी. मुख्य ध्वनिक्षेपक रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या श्रोत्यांकडे असतो. समोरच्यांसाठी रंगमंचाच्या कडेला लहान ध्वनिक्षेपक नीट लावले नाहीत, तर पुढच्या माणसाला ऐकू येतात ते थेट ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर. गायकाचा आवाज त्याच्या डोक्यावरून निघून जातो. मिक्सरची चौकट जिथे असते तिथेच मिश्रण सर्वांत चोख असण्याचा संभव असतो, कारण ते करणारा माणूस स्वतः तिथे ऐकत असतो.

आता जे मिळाले त्याविषयी. गायक पन्नाशी ओलांडलेला होता. त्याच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रणात जे सूर आहेत, त्यांपैकी काही त्याने घेतले, काही खाली आणले, आणि निदान दोन गाणी मूळ पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली उतरवून वाजवली गेली. मैफल संपल्यावर दाराशी काही जण याविषयी नाराजीने बोलत होते. मला ती नाराजी पटत नाही. या शैलीने गायकाकडून जे मागितले आहे ते फार आहे: दीड-दोन तास, जवळजवळ अखंड, आवाजाच्या वरच्या टोकाला, आणि तेही अनेक शहरांतून एकामागून एक रात्री. ज्या गायकाने पट्टी उतरवून का होईना, पण भरल्या आवाजात आणि सुरात गाणे पूर्ण केले, त्याने श्रोत्यांशी प्रामाणिकपणा राखला. गळा ताणून मूळ पट्टी गाठण्याचा अट्टहास किंवा मुख्य गायनाचे ध्वनिमुद्रण लावून ओठ हलवणे हे मला कधीही कमी दर्जाचे वाटेल. हॅलोवीनने २०१७ साली किस्के आणि संस्थापकांपैकी काई हॅन्सन यांना परत बोलावले, तेव्हा १९९४ पासून गाणारा अँडी डेरिसही बँडमध्ये कायम राहिला आणि तिघांनी गाणी वाटून घेतली. वाढत्या वयाचा आणि जुन्या गाण्यांचा मान एकाच वेळी राखण्याचा याहून सुंदर मार्ग मला ठाऊक नाही.

आम्ही ऐकलेल्या मैफलीत वाद्यवृंद आणि मागचे वृंदगान ध्वनिमुद्रित होते. सहा माणसांच्या बँडने ४० गायकांचा ताफा बरोबर न्यावा अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे, त्यामुळे वाद्यवृंदाबद्दल मी काही म्हणणार नाही. वृंदगानाबद्दल मात्र म्हणेन. शेवटून दुसऱ्या गाण्यात, कशामुळे ते ठाऊक नाही, ते ध्वनिमुद्रण आले नाही. ड्रमवादकाने ठेका सोडला नाही, गिटार थोड्या हळू झाल्या, गायकाने मायक्रोफोन खाली घेतला आणि समोर पाहिले. सभागृहाने ध्रुवपद उचलले. माझ्या डावीकडे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ डोळे मिटून गात होते, त्यांच्यापुढे मुलीच्या वयाची चार मुले खांद्यांवर हात टाकून गात होती. कोणी वरच्या स्वरात, कोणी खालच्या, बरेच जण जेमतेम सुरात. मुलीने माझा हात धरला होता आणि तिला प्रत्येक शब्द येत होता. संध्याकाळभर जे शब्द रंगमंचावरून आमच्यापर्यंत नीट पोहोचले नव्हते, ते आता आमच्याकडून रंगमंचाकडे जात होते, आणि प्रथमच ते संपूर्ण स्पष्ट ऐकू आले. तिसऱ्या आवर्तनाला गायकाने आमच्या सुरावर आपला वरचा सूर ठेवला. ते ऐकताना मला रडू आले, हे लिहायला संकोच वाटत नाही. ब्लाइंड गार्डियनचे १९९२ मधील ‘द बार्ड्स साँग’ गेली कित्येक वर्षे मैफलींत मुख्यतः श्रोतेच गातात आणि गायक हान्सी क्युर्श त्यांना साथ करतो. ती ध्वनिमुद्रणे मी अनेकदा ऐकली होती, पण त्यात सामील होणे म्हणजे काय, हे त्या रात्री कळले. ज्या गाण्यांची ध्रुवपदे श्रोत्यांसाठीच बांधलेली आहेत, तिथे बँडने निदान दोन-तीन गाण्यांत ध्वनिमुद्रित वृंदगान बाजूला ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आवाजाच्या पातळीचा विषय टाळता येण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींसाठी जे मानक जाहीर केले, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली आहे. शिवाय पातळीची सतत मोजणी, कानांच्या संरक्षणाची साधने, विश्रांतीसाठी शांत जागा, कर्मचारी आणि श्रोत्यांना माहिती, आणि जागेच्या ध्वनिगुणांत सुधारणा यांचाही समावेश केला आहे. शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक आयोजक अस्पष्ट आवाजावर उपाय म्हणून तो अधिक मोठा करतात आणि गायन आणखी बुडते. माझ्या मुलीच्या कानांत मी घरून नेलेले संगीतकारांचे इअरप्लग होते. साधा स्पंजचा बोळा वरचे स्वर अधिक दाबतो आणि गाणे गढूळ करतो. हे इअरप्लग सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे गाणे तेच राहते, फक्त दूर गेल्यासारखे ऐकू येते. सभागृहात असे काही मिळण्याची सोय नव्हती आणि कठड्याजवळची बहुतेक तरुण मुले उघड्या कानांनी उभी होती. मला त्यांची काळजी वाटली.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात शास्त्रीय गायनाच्या मैफलीचे परीक्षण येते तेव्हा गायकाचा आवाज कधी लागला, साथ कशी होती, ध्वनिव्यवस्थेने कुठे त्रास दिला, हे सारे मी आवडीने वाचते. तेवढेच बारकावे या संगीतालाही लागू पडतात. पुढच्या वेळी आपला प्रतिनिधी अशा मैफलीला गेला, तर त्याने निम्मा वेळ कठड्याजवळ आणि निम्मा वेळ शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकावे, आणि दोन्हीकडे शब्द कळले का ते लिहावे. कळले नसतील तर तेही लिहावे. आयोजक ते वाचतील, आणि माझ्या मुलीने जमवायला घेतलेल्या पैशांतून जे पुढचे तिकीट येणार आहे, त्या मैफलीत ती कदाचित पुढच्या रांगेत उभी राहू शकेल.

आपली,
एक नियमित वाचक