साधा ठेका कुणी वाजवून देईल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्यांची एक अडचण मांडण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

सात-आठ महिने मी साथीशिवाय वाजवत होते आणि माझी लय पक्की आहे असे समजत होते. मग एकदा ड्रमचा ट्रॅक लावला. सी कॉर्डवरून एफ बारवर (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड) जाताना दर खेपेला मी अर्धी मात्रा थांबत होते! एकटीने वाजवताना तो थांबा कानाला कधी जाणवलाच नव्हता, कारण बोटे अडली की माझी लयही त्यांच्यासाठी थांबायची. मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्रावर, सराव केला होता, पण सगळ्या टकटकी सारख्याच. एक मात्रा घसरले तरी पत्ता लागत नसे. ड्रमच्या साध्या ठेक्यात जाड आवाजाचा बेस ड्रम पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर आणि कडक आवाजाचा स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर पडतो, त्यामुळे आपण कुठे आहोत ते लगेच कळते.

तेव्हापासून ट्रॅक शोधते आहे. मिळतात भरपूर, पण त्यातले बहुतेक ड्रमरचे कौशल्य दाखवणारे असतात. दर चार आवर्तनांनी फिल (ठेका सोडून भरलेले तुकडे), मध्येच क्रॅश झांजेचा दणका, मग ठेकाच बदलतो आणि दोन-तीन मिनिटांत सगळे संपते. हात नुकता बसू लागलेला असतो. कितीतरी ट्रॅकवर बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) लिहिलेला नसतो, सुरुवातीला काड्यांचे चार ठोकेही नसतात, मग पहिल्या मात्रेवर उडी घ्यायची कशी? १२० चा ट्रॅक पाऊणपट वेगाने लावला की ९० होतो, हे खरे. पण झांजांचा नाद फाटतो आणि तासभर ऐकवत नाही. तीन मात्रांचे किंवा सहा मात्रांचे (६/८) साधे ट्रॅक तर फारच शोधावे लागतात.

शेवटी मी ‘हायड्रोजन’ हे फुकट मिळणारे ड्रम सॉफ्टवेअर घेतले. एका आवर्तनाची सोळा घरे: बेस ड्रम पहिल्या आणि नवव्या घरात, स्नेअर पाचव्या आणि तेराव्यात, हाय-हॅट (जोडीची छोटी झांज) एक सोडून एक. एवढ्यावर काम भागते. नंतर एक युक्ती सुचली, तीन आवर्तने ठेका आणि चौथे पूर्ण रिकामे. त्या शांततेतून परत समेवर येताना मी आधी पोचते की उशिरा, हे ऐकणे सुरुवातीला फार जड गेले. अजूनही एफ आला की मी किंचित मागे पडते, पण आता ते मला ऐकू येते.

तरीही माणसाच्या हाताच्या ठेक्यात जो जिवंतपणा असतो, तो माझ्या घरांमध्ये येत नाही. म्हणून ड्रम वाजवणाऱ्यांना आणि गिटार शिकवणाऱ्यांना आपल्या पत्रातून कळकळीची विनंती आहे. ६० पासून १०० पर्यंत, पाच-पाचने वाढत जाणारे, फिल नसलेले दहा-दहा मिनिटांचे ठेके रेकॉर्ड करून द्या. ६० च्या लयीत दहा मिनिटे म्हणजे चार मात्रांची १५० आवर्तने होतात. एक कॉर्डबदल हातात बसायला एवढी लागतातच. नावातच बीपीएम आणि मात्रा लिहा, आणि सुरुवातीचे चार ठोके तेवढे विसरू नका.

आपली,
एक गिटार शिकणारी वाचक