मातीतले बेकरेल आणि घाण्याचं तेल

नागपूर,
३ मार्च

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शेतातल्या मातीत किरणोत्सार आहे, मग त्याच शेतातल्या जवसाचं तेल पोरांना कसं द्यायचं, असं तू विचारलंस. मातीत तो आहेच. जिथे तो नाही अशी माती कुठेच सापडायची नाही. पण घाण्यातून निघताना तो जवळजवळ सगळा ढेपीत राहतो.

मातीत मुख्यतः तीन किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजतात: पोटॅशियम-४०, रेडियम-२२६ आणि थोरियम-२३२. जगभरच्या मातीत त्या किलोमागे साधारण ४००, ३५ आणि ३० बेकरेल भरतात. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. तुझं शेत काटोलच्या अंगाला, बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत. बेसाल्टमध्ये युरेनियम (ज्यापासून रेडियम होतं) आणि थोरियम मुळातच कमी. भंडाऱ्याकडे ग्रॅनाइट-नाइसचा खडक लागतो, तिथे ते जास्त निघू शकतं.

थोरियम मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, मुळांना फारसं मिळत नाही. पोटॅशियम मात्र रोपाला लागतंच, म्हणून ते दाण्यात उतरतं. किलोभर जवसात ते सुमारे ८ ग्रॅम असतं आणि ग्रॅममागे ३१ बेकरेल धरले तर २५० होतात. पण पोटॅशियम पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपात असतं, तेलात विरघळत नाही. किलोतून ३३० ग्रॅम तेल निघालं, तर उरलेल्या ढेपीत किलोला ३७० च्या आसपास बेकरेल साठतात. तेलात येतं ते गाळासोबत. म्हणून ताजं तेल आठवडाभर न हलवता ठेव, वरचं निथळून घे आणि जाड कापडातून गाळ. ढेप गुरांना खुशाल घाल. जादाचं पोटॅशियम शरीर लघवीवाटे टाकतं, त्यांचंही आणि आपलंही. मोठ्या माणसाच्या अंगात एरवीही चारेक हजार बेकरेल पोटॅशियम-४० असतंच.

पोटॅश खताचीही धास्ती नको. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये किलोला सुमारे १५,४०० बेकरेल, ऐकायला भयंकर वाटतं. पण एकरभर मातीचा १५ सेंटिमीटरचा थर भरतो जवळपास ८ लाख किलो. त्यात ४० किलो खत मिसळलं तर किलोमागे एक बेकरेलसुद्धा वाढत नाही.

तरी तपासून घ्यायचंच असेल तर नीट घे. काळ्या मातीत भेगा पडतात, वरची माती खाली जाते, म्हणून एकाच जागेचा नमुना फसवतो. बांध, उकिरडा आणि खताच्या पोत्यांची जागा सोडून नागमोडी चालत १० ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल खण. सगळी माती मिसळ, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाक, असं करत किलो-दीड किलो ठेव. प्रयोगशाळेत ती ११० अंशांवर वाळवतात, कुटून चाळतात. ओलीच मोजली आणि तिच्यात पाव हिस्सा पाणी असलं, तर आकडा पाव हिश्शाने कमी येतो. मग डबा हवाबंद करून चार आठवडे ठेवावा लागतो. रेडियमपासून रेडॉन वायू होतो, त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, त्याची पिल्लं, म्हणजे तो फुटून होणारी मूलद्रव्यं, रेडियमशी समतोलात आली की त्यांच्या ६०९ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या गॅमा किरणांच्या रेषेवरून रेडियम मोजता येतं. झाकण गळलं तर रेडॉन निसटतो आणि रेडियम खोटंच कमी दिसतं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात, तेव्हा डबा कसा बंद केला ते विचारच.

तेलासाठी जर्मेनियम डिटेक्टर (गॅमा किरणांची ऊर्जा वेगवेगळी ओळखणारं यंत्र) आणि निदान २४ तासांची मोजणी हवी. हातात धरायचं गायगर यंत्र बाटलीला लावून काही कळणार नाही, ते आसपासचंच दाखवेल. तेल मातीपेक्षा हलकं, त्यामुळे यंत्राचं मातीसाठी केलेलं अंशांकन (मोजणी बेकरेलमध्ये बदलायचं प्रमाण) तेलाला चालत नाही. तेलात पोटॅशियम-४० चे शेकडो बेकरेल लिहून आले तर आधी विचार, रिकाम्या डब्याची मोजणी वजा केली का? खोलीच्या भिंतींतही पोटॅशियम असतं, १४६१ केईव्हीची तीच रेषा तिथूनही येते.

अहवालात तेलासमोर शून्य असेल तर परत पाठव. तिथे 'मोजमर्यादेपेक्षा कमी' (यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी) आणि ती मर्यादा किती बेकरेल, एवढं लिहिलेलं हवं. आणि बाटलीवर 'किरणोत्सारमुक्त' असं छापू नकोस, ते खरं नसेल.

तुझा,
नागपूरकर मित्र