किल्ल्या दिल्या, त्याची गोष्ट

शेवगाव,
12 जानेवारी 2026

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. चार ओळींचंच होतं, पण त्यातला एक प्रश्न मी तीन आठवडे उशाशी घेऊन झोपतोय. "किल्ल्या दिल्यास हे कळलं, पण हातातून सुटल्या का?" मी आमची मंडळी आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वसतिगृह दुसऱ्या हाती सोपवलं, त्या किल्ल्या. तुझ्या मंडळीवर आणि बालवाडीवरही तीच वेळ येऊन ठेपली आहे, म्हणून तू विचारतोयस. तेव्हा फोनवर बोलण्यापेक्षा बसून बैजवार लिहितो.

आधी तो दिवस. 2 नोव्हेंबरचा रविवार. दिवाळी उरकली होती, ऊसतोडीच्या मुकादमांचे ट्रॅक्टर वाडीवर येऊन लागले होते. तो रविवार मी हट्टाने धरला. टोळ्या एकदा कारखान्यावर गेल्या की मुलांचे आईबाप पाच-सहा महिने दिसत नाहीत, आणि वसतिगृह कुणाच्या हातात गेलं हे त्यांनी डोळ्यांनी बघायला हवं होतं. उपासना झाली, प्रभुभोजन झालं, मग जी माझ्या जागी येणार होती तिला मी पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. माझा आवाज फुटेना. शेवटची दोन वाक्यं मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने पूर्ण केली.

तुला आठवत असेल, नगरच्या बोर्डिंगात आपल्याला बायबलातल्या गणनेचा 27 वा अध्याय पाठ करायला लावला होता. मोशे यहोशवावर हात ठेवतो, तो. तेव्हा आपण तो घोकला, पण त्यात काय आहे ते मला आत्ता दिसलं. सगळ्या मंडळीसमोर उभं कर, आणि तुझा काही अधिकार त्याला दे, अशी आज्ञा आहे. मोशे जिवंत असताना, सगळ्यांच्या देखत, आणि सगळा नव्हे, काही. म्हणजे उरलेला काळ दोघांनी एकाच तंबूत काढायचा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस मरेपर्यंत सगळा अधिकार त्याच्याकडे, आणि मेल्यावर एकदम सगळा दुसऱ्याच्या अंगावर.

माझ्या अंगावर तो तसाच आला होता. 1991 साली माझ्या आधीचे पाळक, आमचे गुरुजी, अचानक गेले तेव्हा मला काय मिळालं? एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात अर्ध्या कीर्दी वाळवीने खाल्लेल्या, पावत्यांची पुडकी सुतळीने बांधलेली, आणि तळाशी जमिनीचा सातबारा. त्यावर ज्या विश्वस्ताचं नाव होतं तो माणूस वारून नऊ वर्षं झालेली. गुरुजी किती थोर माणूस होते हे तुला मी सांगायला नको. पण कोणत्या दुकानाची उधारी आहे, विहिरीच्या पाण्याबद्दल शेजाऱ्याशी काय बोलणं झालंय, कोणत्या मुलाच्या बापाला कोणता शब्द दिलाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर मातीत गेलं. ती जमीन ट्रस्टच्या नावावर चढवायला मला अकरा वर्षं लागली. तरुणपणीची अकरा वर्षं, मित्रा. त्या वेळात मी किती वाड्यांवर गेलो असतो.

म्हणून तुला सगळ्यात आधी कागदांबद्दल सांगतो, कंटाळू नकोस. धर्मादाय कार्यालयातून तुमच्या परिशिष्ट एकची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्याची, ताजी नक्कल काढ. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाच. आमच्याकडे सातांपैकी तिघं देवाघरी गेलेले होते आणि कागदावर अजून विश्वस्त होते. विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की विलंब माफीचा वेगळा अर्ज, मग तारखा. मी हे सगळं 2023 पासून हळूहळू निस्तरत आणलं, तिला प्रत्येक खेपेला बरोबर घेऊन. पहिल्या दोन खेपांना मी बोलत होतो. तिसऱ्या खेपेला ती बोलली आणि मी बाकावर बसलो. खरं हस्तांतर मला वाटतं त्या बाकावर सुरू झालं.

आता ती कोण, ते सांगतो. तू तिला पाहिलं आहेस, वहिनींबरोबर आला होतास तेव्हा पाण्याचे तांबे घेऊन फिरणारी काटक पोरगी. सात वर्षांची असताना ऊसतोड मजुरांच्या कोपीवरून आली. आईबाप एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, आगाऊ उचल घेऊन गेले होते, आणि ही पाठच्या भावाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसायची. आमच्याकडे राहून दहावी झाली, पुढे नर्सिंग केलं, आठ वर्षं पुण्यात नोकरी केली. नवरा प्राथमिक शिक्षक. 2019 ला दोघं परत आली, स्वतःहून. मी बोलावलं नव्हतं, फक्त प्रार्थना करत होतो.

कमिटीत तिच्या नावाला विरोध झाला. कोणी म्हणालं, बाईमाणूस, रात्री-अपरात्री पोरांच्या बापांशी कसं बोलणार. हे मी समजू शकलो. पण दुसरी गोष्ट मला लागली. "ती आपल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांतली नाही." तुला कळतंय ना याचा अर्थ? आपले आजे-पणजे गावकुसाबाहेरून आले, वर्षानुवर्षं आपण एका ताटातून प्रभुभोजन घेतो, आणि तिसऱ्या पिढीत आपणच घराणी मोजतो. त्या बैठकीत मी आवाज चढवला. चढवायला नको होता, पण शब्द मागे घेतले नाहीत.

त्या रात्री मी पंडिता रमाबाईंचा विचार करत होतो. निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी उभं केलेलं केडगावचं मुक्तिसदन तू आणि मी दोघांनी पाहिलंय. ते इतकी वर्षं बायकांनीच चालवलं, म्हणून बाईमाणसाचा मुद्दा माझ्या लेखी तिथेच संपतो. पण मला दुसरीच गोष्ट आठवत होती. रमाबाईंनी आपल्या लेकीला, मनोरमेला, लहानपणापासून या कामासाठी घडवलं. शारदा सदनची जबाबदारी तिच्यावर टाकली. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं ते घर पुढे लेकच सांभाळणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. आणि 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, चाळिशीत. आई मागे राहिली. स्वतः आजारी, बायबलच्या भाषांतराचं काम अजून हातात, आणि जिच्यावर भिस्त होती तीच नाही. त्या बाईने काय केलं? बरोबर काम करणाऱ्या एका सहकारी बाईंवर धुरा ठेवली आणि 5 एप्रिल 1922 ला डोळे मिटले. मध्ये जेमतेम साडेआठ महिने. लेक गेली म्हणून काम थांबलं नाही, कारण मुक्तीत पुढे होऊन ओझं उचलतील अशा बायका रमाबाईंनी आधीच तयार केल्या होत्या.

त्याच्या शेजारी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा 'देवाचा दरबार', म्हणजे त्यांनी जमवलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा, ठेवून बघ. 1917 मध्ये त्यांनी तो मांडला आणि 9 मे 1919 ला ते गेले. दोन वर्षांत रोप मूळ कसं धरणार? त्यांची गाणी आपण आजही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून म्हणतो, दरबार मात्र फारसा टिकला नाही. टिळकांना मी दोष देत नाही, त्यांना वेळच मिळाला नाही. मला मिळाला होता. चौतीस वर्षं मिळाली होती, आणि त्यातली तीस मी दुसरा माणूस तयार न करता काढली. हे मी तुझ्यापाशी कबूल करतो, तू हे करू नकोस.

माझ्या मुलाबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. हो, कमिटीतल्या चौघांना तोच हवा होता. आडनाव ओळखीचं, देणगीदार ओळखतात, काम सोपं. मी त्याला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "बाबा, दरवर्षी हिशेब तपासून देईन, मुलांना सुट्टीत गणित शिकवीन, पण माझं पाचारण हे नाही." एक दिवस मला वाईट वाटलं. मग शमुवेलाच्या पुस्तकातला एली आठवला आणि बापामागे याजक होऊन बिघडलेले त्याचे ते दोन मुलगे, आणि मी देवाचे आभार मानले की माझा मुलगा खरं बोलला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. सुटल्या का?

पहिले पंधरा दिवस नाही सुटल्या. आमच्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला आहे, तो पहाटे पाचला वाजायचा. गुरुजींपासूनचा रिवाज. तिने पहिल्याच आठवड्यात वेळ साडेसहाची केली. मला सांगितलं होतं, मी मान हलवली होती. तरी त्या सकाळी पाचला मी चपला घालून अंधारात झाडाखाली जाऊन उभा राहिलो. हातोडी नेहमीच्या खोबणीत होती. हात तिच्यावर ठेवला. लोखंड इतकं गार की बोटं आखडली. वसतिगृहात बेचाळीस मुलं झोपलेली, एकाचा खोकला ऐकू येत होता. वाजवली असती तर कोणी काही म्हणालं नसतं, ती तर नाहीच. मी हातोडी परत ठेवली, पण घरी आल्यावर बायकोशी दिवसभर धड बोललो नाही.

चार दिवसांनी त्याहून वाईट केलं. तिने एका मुलाला रविवारी उपासना सोडून ताप आलेल्या आजीकडे पाठवलं, त्यावरून मी मुलांसमोर तिला टोकलं. ती गप्प राहिली. मुलांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळेना कोणाचं ऐकायचं. ते चेहरे बघून मी समजलो. संध्याकाळी तिची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोरही मागितली. त्याच आठवड्यात शेवगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आवारात राहायचं नाही. कमिटी म्हणाली, मागचं घर तुमचंच आहे, मरेपर्यंत राहा. प्रेमाने म्हणाले. पण जुना पाळक आवारात राहिला की नव्याच्या प्रत्येक वाक्यानंतर लोक मागच्या घराकडे बघतात. हे माझ्यापुरतं पक्कं झालंय, तूही विचार कर.

आणि बघ, आम्ही निघाल्यावर काय झालं. तिने वसतिगृहाचा महिन्याचा खर्च फळ्यावर लिहून व्हरांड्यात लावला. ज्वारी, बाजरी, तेल, गॅस, वीजबिल, सगळं. मला आधी धस्स झालं, कारण मी हिशेब चोख ठेवला, पण कपाटात ठेवला. 2020 ला परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, दिल्लीच्या एकाच शाखेत खातं काढायचं आणि बाकीचे नियम, तेव्हा आम्ही बाहेरची मदत घेणं थांबवलं. तेव्हापासून मी एकट्याने रात्री आकडे जुळवत बसायचो आणि कोणाला कळू द्यायचो नाही. तिने फळा लावला आणि नाताळला दोन दिवसांसाठी कारखान्यावरून आलेल्या एका आईने पदराखालून गाठोडं काढून पायरीवर ठेवलं. पायलीभर बाजरी. "आमच्या पोरांचं हाय ना, मग आमचं बी असू द्या." चौतीस वर्षांत मी त्या बाईकडे कधी काही मागितलं नाही. ती गरीब आहे म्हणून. तिचा मान मी राखतोय असं मला वाटायचं.

हेन्री व्हेन नावाचे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस होते, 1841 ते 1872. मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी झाली की मिशनने तिथून निघायचं, असं ते सांगत. सेमिनरीत यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आपण परदेशी मिशनऱ्यांकडे बोट दाखवून ते वाचायचो. आमच्या वाडीवर मिशनरी मीच होतो, हे ती बाजरी पाहिली तेव्हा मला उमगलं.

एक गोष्ट राहिली, आणि ती तू विसरू नयेस म्हणून शेवटी लिहितो. 2 नोव्हेंबरला मला शाल दिली, ठराव वाचला, फोटो काढले. हिला काहीच नाही. चौतीस वर्षं तिने स्वयंपाकघर चालवलं, कोणाला कशाने पोट बिघडतं, कोणाला भाकरीबरोबर तिखट चालत नाही, हे तिला तोंडपाठ. तिच्या कामाचा ठराव कोणी लिहिला नाही, मीही नाही. आम्ही शेवगावला निघालो त्या सकाळी ती स्वयंपाकघरात गेली ती तासभर आलीच नाही. मी दारातून पाहिलं. नव्या बाईला समोर बसवून ती पिठाचं माप दाखवत होती. आपलं ते ॲल्युमिनियमचं, एका बाजूला पोचा आलेलं. "पोच्यापर्यंत भरायचं, वर नाही. पोच्यापर्यंत भरलं की सहा पोरांच्या भाकरी." नव्या बाईने स्टीलचं नवं माप आणलं होतं, ते तिने बाजूला ठेवलं आणि हिच्यासमोर जुन्याने पीठ भरून दाखवलं. ही बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग माप तिथेच ठेवून उठली, हात धुतले, आणि रिक्षात येऊन बसली.

तर वहिनींना विचार, त्यांच्याकडे काय काय आहे जे कोणालाच सांगितलेलं नाही. आजच विचार. आणि मार्चमध्ये ये, दोघंही. हंगाम संपत आलेला असेल. रविवारी वाडीवर जाऊ, मी हल्ली मागच्या बाकावर बसतो, तिथे आणखी दोघांना जागा आहे. येताना मिरजेचा तो चहाचा मसाला आण, हिने आठवणीने लिहायला सांगितलंय.

मुलांना आशीर्वाद. वहिनींना आम्हा दोघांचा सलाम.

तुझाच,
बोर्डिंगातला सोबती