कोरा रकाना

प्रिय नंदे,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील, तरी हे वाच. इकडे सगळं बरं. ह्यांची शुगर आटोक्यात, माझे गुडघे आहेत तसेच.

लिहायला बसले ती इरामुळे. परवा जेवताना म्हणाली, "आई, मी पुढच्या निवडणुकीला उभी राहणार, पण त्या रकान्यात काही लिहिणार नाही." ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मला मात्र तू दिसलीस. वसतिगृहाच्या खिडकीपाशी, परत केलेला फॉर्म हातात, आणि मी ओरडतेय, "लिहून टाक ना जात एकदाची!" त्यावरून महिनाभर बोलली नव्हतीस. माझी आमटी मात्र रोज ओरपत होतीस!

इथे मॉरिशसमध्ये उमेदवारी अर्जावर आपला समाज लिहावा लागतो. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि राहणीवरून या तिन्हींत न बसणारे ते 'जनरल पॉप्युलेशन'. नाही लिहिलं तर अर्ज बाद. कारण ते 'बेस्ट लूझर'. २१ मतदारसंघांतून ६२ जण निवडून येतात, मग ज्या समाजाला जागा कमी पडल्या त्याच्या हरलेल्या उमेदवारांतून आणखी आठपर्यंत घेतात. हिशेब अजून १९७२च्या जनगणनेवर, कारण पुढच्या जनगणनांत समाज विचारलाच नाही. तेव्हा हे चड्डीत फिरत होते गं!

आता इराने काय लिहावं? सासरे रत्नागिरीहून आलेल्या गिरमिटियांचे नातू, सासूबाई क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या ख्रिश्चन. सप्टेंबरात पेर लावाल या जुन्या कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीसाठी सेंत-क्रुआ गावापर्यंत रात्रभर चालतात, आणि गणपतीत मोदकाला अशा पाकळ्या पाडतात की माझ्या आईनेही मान डोलावली असती. कुणी हरकत घेतली तर समाज ठरवणार सुप्रीम कोर्ट. माझ्या लेकीला त्या कोर्टात उभं राहावं लागलं तर? याच विचाराने रात्री झोप लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ सालीच या सक्तीवर बोट ठेवलं. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट दिली, पुन्हा जैसे थे.

इरा बरोबर आहे, नंदे. पण १० नोव्हेंबर २०२४ची निवडणूक आठवते. विरोधातल्या नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला ६२पैकी ६० जागा, उरलेल्या दोन रॉड्रिग्ज बेटावरच्या पक्षाला. तेव्हाचे पंतप्रधान जगन्नाथ स्वतःच्याच मतदारसंघात पडले. त्यांच्या आघाडीला एक चतुर्थांशाहून जास्त मतं, निवडून आलेला एकही नाही. विरोधी पक्षनेते झाले ते त्यांच्याच आघाडीतले लेझोंगार, तेही बेस्ट लूझर म्हणूनच सभागृहात आले. रकाना नसता तर समोरच्या बाकावर कोण बसलं असतं? १९८२ आणि १९९५ सालीही असेच साठ जण एका बाजूला होते.

शेजारचे चाचा प्लेन व्हर्तचे, राजधानी पोर्ट लुईतल्या मुस्लिम वस्तीतले. १९६८च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या तोंडावर, पोर्ट लुईत मुस्लिम आणि क्रिओल वस्त्यांत झालेली दंगल त्यांनी लहानपणी पाहिलेली. ते म्हणतात, "बेटी, रकाना गेला तर आमच्यासाठी कोण बोलणार?" त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. इराकडे उत्तर आहे, पक्षाच्या एकूण मतांप्रमाणे जागा द्या. दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश आल्बी सॅक्स यांच्या आयोगानेही २००२ साली अशा ३० जागा सुचवल्या होत्या. त्या अजून कागदावरच आहेत. तोवर या पोरीने काय करायचं?

अगं हो, सोहमच्या लग्नाचे फोटो पाहिले, सून गोड आहे. आईंची कवळी बसली का नीट?

तुझा फॉर्म परत केला त्या रात्री तू झोपली होतीस की जागी होतीस, हे मी कधी विचारलंच नाही. ते इराला लिहून पाठव, सविस्तर. तुझं ती ऐकेल. रकाना कोरा ठेव म्हणालीस तरी मी भांडणार नाही, पण खरं काय सोसलंस ते तिला कळू दे.

तुझी,
सुमी