दीड वेढा का नाही?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत गोल कड्यात ‘कायम फिरणाऱ्या’ अणूंबद्दल वाचलं. मथळ्यात ‘फुकटची ऊर्जा’ छापलंत, ते खटकलं. खानापुरात ३० वर्षं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतोय. फुकट काही फिरत नाही. त्या प्रवाहाकडून काम करून घ्यायला गेलात तर तोही मंदावणारच.

गंमत वेगळीच आहे. २०११ साली अमेरिकेत मेरीलँडला सोडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) अगदी जवळ थंड करून लेसरच्या कड्यात धरले आणि प्रकाशानेच फिरवले. फिरवणारा प्रकाश बंद केल्यावरही प्रवाह ४० सेकंद टिकला, आणि संपला तो घर्षणानं नव्हे, अणूच निसटत गेल्यानं. मी चहात चमचा फिरवून पाहिलं. भोवरा १२ सेकंदांत निवला. (चहाही.)

शिवाय इतक्या थंडीत सगळे अणू मिळून एकच लाट होते, आणि कड्याभोवती तिचे वेढे पूर्णच: एक, दोन, तीन. नात बी.एस्सी.ला आहे. तिला विचारलं, दीड का नाही? म्हणाली, “आज्जा, लाट कड्याभोवती फिरून आली की स्वतःशीच जुळायला हवी.” आमच्याकडं वेढे चुकले तर मोटार जळते, एवढंच ठाऊक! कड्यात लेसरचा बांध घालून मर्यादेपलीकडं उंचावला, की मात्र प्रवाह मोडतो.

पुढच्या वेळी मथळा लहान करा, पण कड्याची आकृती तेवढी छापा.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)